टोरी व्हायचंय? मग आधी हे वाचा

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं सदस्य होणं हे दहा मिनिटांचं काम आहे. वेबसाइटवर नाव, पत्ता आणि बँकेचा तपशील भरा, वर्षाला ३९ पाऊंडांची डायरेक्ट डेबिट लावा, झालात टोरी. पंचविशीच्या आतल्यांना सवलत आहे. मुलाखत नाही, शपथ नाही, कुणाची चिठ्ठी नाही. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात, आणि ते मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी मला कोपऱ्यात घेऊन विचारतंच. "काकू, तुम्ही त्या पक्षात आहात ना? तिथे नक्की करतात काय?" आवाज असा दबका, जणू मी सट्टा खेळते. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

माझी ओळख एवढीच. इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात नवरा आणि मी छोट्या धंद्यांचे हिशेब बघतो आणि मी आमच्या वॉर्डाच्या ब्रांचची खजिनदार आहे. अकाउंटंट आहे असं पहिल्याच बैठकीत बोलून गेले, त्याचं हे फळ.

आधी कागदपत्रं

सदस्य व्हायला ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नसते. भारतीय पासपोर्टवर, वैध व्हिसावर इथे राहत असाल तर कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला संसदेसाठीही मतदान करता येतं. दहा-दहा वर्षं इथे राहून कधी मतदारयादीत नाव न घातलेली माणसं मी पाहिली आहेत. नाव नोंदवणं हे पक्ष ठरवण्याच्या आधीचं काम. २०२३ पासून इंग्लंडमध्ये मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यात भारतीय पासपोर्ट चालतो. ओसीआय कार्डाच्या (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) भरवशावर जाऊ नका.

सरकारी नोकरीत असाल तर करार वाचा. काउन्सिलमधली (म्हणजे स्थानिक पालिकेतली) आणि सिव्हिल सर्व्हिसमधली काही वरची पदं अशी असतात की त्यांवरच्या माणसाला उघड राजकीय काम करता येत नाही.

नक्की काय टिकवायचंय, ते लिहून काढा

हे खरोखर कागदावर करा. कारण हा पक्ष म्हणजे एक विचार, अशी समजूत करून आलात तर पहिल्या सहा महिन्यांत वैतागाल. पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८३४ मध्ये टॅमवर्थचा जाहीरनामा काढला. सिद्ध झालेल्या तक्रारी दूर करू, पण चालत्या संस्था उगाच उलथवणार नाही, हा त्याचा सूर. तिथून आधुनिक कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाची गोष्ट सुरू होते. आणि याच पील यांनी १८४६ मध्ये धान्य-आयातीवरचे कायदे रद्द करून स्वतःचा पक्ष उभा चिरला. तेव्हापासून भांडण हा पक्षाचा स्थायीभाव आहे. समलिंगी विवाहाचं विधेयक पक्षाच्याच पंतप्रधानांनी आणलं, पण फेब्रुवारी २०१३ च्या मतदानात त्यांच्या खासदारांपैकी १२७ बाजूने आणि १३६ विरोधात गेले. त्या दिवशी 'खरा कॉन्झर्व्हेटिव्ह' कोण होता? आमच्या ब्रांचमध्ये दोन्ही बाजूंची माणसं आहेत, आणि दोघंही पावसात पत्रकं वाटतात.

माझ्या कागदावर तीन गोष्टी आहेत. चाललेली संस्था मोडण्याआधी ती का उभी राहिली ते विचारावं. कुटुंबाने कमावलेला पैसा आधी कुटुंबाचा. आणि छोट्या धंद्याच्या मानेवर सरकारने बसू नये.

तिसरी गोष्ट पुस्तकातून आलेली नाही, माझ्या टेबलावरच्या फायलींतून आली आहे. एप्रिल २०२५ पासून लेबर सरकारने नोकराच्या पगारावर मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक विम्याचा हप्ता) १३.८ वरून १५ टक्के केला आणि तो लागू होण्याची मर्यादा वर्षाला ९,१०० वरून ५,००० पाऊंडांवर आणली. म्हणजे वर्षाला ९,१०० मिळवणाऱ्या अर्धवेळ मुलीसाठी मालकाला आधी शून्य भरावं लागायचं, ते झालं ६१५ पाऊंड. आता हिशेब पुरा मांडायचा तर हेही सांगायला हवं, की त्याच वेळी एम्प्लॉयमेंट अलाउन्स, म्हणजे या हप्त्यात मालकाला मिळणारी वर्षाची सूट, १०,५०० पाऊंड केला. त्यामुळे दोन-तीन माणसांच्या दुकानाला झळ लागली नाही. झळ लागली ती वीस-पंचवीस बायकांना अर्धवेळ कामावर ठेवणाऱ्या, लहान मुलांच्या नर्सरीला. दारावर बोलताना मी दोन्ही बाजू सांगते. अर्धा हिशेब सांगणाऱ्याला लोक ओळखतात.

तुमचा कागद वेगळा असेल. शाळांची शिस्त असेल, गावाबाहेरची हिरवी पट्टी वाचवणं असेल, राजघराणं असेल. पण कागदावर फक्त 'लेबर नको' एवढंच आलं, तर ३९ पाऊंड वाचवा आणि मतदानाच्या दिवशी पाच मिनिटांत तेवढं काम उरकून या.

व्हिसाचा प्रश्न

मंडळात खरा टोमणा इथे येतो. "आपल्याच माणसांची वाट अडवणाऱ्या पक्षात कसली बसता?" प्रश्न रास्त आहे, आणि सदस्य होण्याआधी त्याचं उत्तर तुमच्याजवळ हवं. नंतर शोधत बसू नका.

तपशील असे. एप्रिल २०२४ मध्ये आमच्याच सरकारने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी लागणारा पगार २६,२०० वरून ३८,७०० पाऊंड केला. नवरा किंवा बायको आणायला लागणारी उत्पन्नाची अट १८,६०० वरून २९,००० वर नेली. त्याआधी महिनाभर केअर वर्करांना कुटुंब आणायची बंदी झाली. विरोधात गेल्यावर, फेब्रुवारी २०२५ मध्ये, पक्षनेत्या केमी बेडनॉक यांनी कायम वास्तव्याच्या अर्जासाठी पाच वर्षांऐवजी दहा वर्षं थांबायला लावायचा प्रस्ताव मांडला. आपल्या मंडळात या प्रत्येक नियमात अडकलेली माणसं आहेत, आणि त्यांच्याशी बोलताना मला खाली बघावं लागत नाही, कारण मी हे सगळं डोळे मिटून मान्य केलेलं नाही. मर्यादा असावी असं मला वाटतं. ज्याच्याकडून इथे येताना फी घेतली, कर घेतला, त्याच्यासाठी मध्येच नियम बदलणं मला पटत नाही. दिलेला शब्द पाळणं हीसुद्धा कॉन्झर्व्हेटिव्ह गोष्टच आहे, आणि ब्रांचच्या बैठकीत मी ती याच भाषेत मांडते. तिथे 'आमच्यावर अन्याय' म्हणून सुरुवात केलीत तर सगळे सहानुभूतीने मान हलवतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. 'करार मोडणारं सरकार' म्हटलंत की ऐकतात.

इतिहासही दोन्ही बाजूंनी माहीत असावा. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं, तेही याच पक्षाचे. त्यांना शॅडो कॅबिनेटमधून (विरोधी पक्षाच्या प्रति-मंत्रिमंडळातून) काढणारे पक्षनेते एडवर्ड हीथ, तेही याच पक्षाचे. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या आशियाई लोकांपैकी सुमारे २८,००० जणांना आसरा दिला तो याच हीथ यांच्या सरकारने. त्यांच्यातली एक गुजराथी आजी आमच्याकडे वर्षानुवर्षं लिफाफे भरायला येते. तिच्यासमोर कुणी वायफळ बोलत नाही.

आणि 'हा आपल्या लोकांचा पक्ष नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई नौरोजी लिबरल म्हणून हरले, आणि त्याच निवडणुकीत मुंबईत जन्मलेले मंचेरजी भावनगरी बेथनल ग्रीनमधून कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून निवडून आले. पुढे १९२२ मध्ये बॅटरसीतून शापुरजी सकलातवाला आले, ते कम्युनिस्ट. तिघेही मुंबईच्या पारशी समाजातले आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. आपल्या माणसाने कुठल्या पक्षात असावं हे तेव्हाही ठरलेलं नव्हतं.

असोसिएशनमध्ये शिरताना

पैसे भरल्यावर लंडनच्या मुख्यालयातून ईमेल सुरू होतील. बहुतेक पैसे मागणारे. ते वाचले नाहीत तरी चालेल. तुमचा पक्ष म्हणजे तुमची स्थानिक असोसिएशन आणि तिच्या खालची वॉर्डाची ब्रांच. तिथे स्वतःहून फोन करा. वाट बघत बसलात तर वर्ष जाईल, कारण सदस्यांची यादी सांभाळणारे गृहस्थ बहुधा सत्तरी ओलांडलेले असतात आणि गुडघ्याचं ऑपरेशन होऊन घरी बसलेले असतात.

पहिली भेट वार्षिक सभेत किंवा एखाद्या जेवणात होईल. रॅफल असेलच, तिकिटं घ्या. बक्षीस म्हणून बाथ सॉल्टची बाटली लागेल, तीच पुढच्या वर्षी परत रॅफलला द्यायची असते. तुम्ही खोलीतले सर्वांत तरुण आणि सर्वांत सावळे असण्याची शक्यता दाट आहे. 'मूळचे कुठले?' हा प्रश्न येईल. बहुतेकदा त्यात खोच नसते. उत्तर द्या आणि लगेच त्यांना त्यांचं मूळ गाव विचारा, तासभराची निश्चिंती. खोच असलीच तर ती लगेच कळते. तेव्हा गप्प बसू नका, त्याच वाक्याला थांबवा. असोसिएशनच्या अध्यक्षांना तक्रार करता येते आणि पक्षाची लेखी आचारसंहिता आहे.

धोरण ठरवण्याच्या आशेने आला असाल तर आताच सांगते. ऑक्टोबरच्या अधिवेशनात सदस्य मत देऊन धोरण ठरवत नाहीत. भाषणं ऐकतात, टाळ्या वाजवतात, हॉटेलांचे चढे दर देतात. पॉलिसी फोरम नावाची सोय आहे. प्रश्नपत्रिका येते, आम्ही दहा जण चहावर चर्चा करून उत्तरं पाठवतो. ती कोण वाचतं, देव जाणे. पण काउन्सिलच्या पातळीवर, पार्किंग, कचरा, प्लॅनिंग अशा गोष्टींत मात्र तुमचं बोलणं आठवड्यात काउन्सिलरच्या कानावर जातं, कारण तो तुमच्याच टेबलावर बसलेला असतो.

पत्रकं आणि दारं

आपल्याकडे ज्याला सतरंज्या उचलणं म्हणतात ते इथे पत्रकं वाटणं. पक्षात तुमची पत यावरून ठरते, ट्विटरवरच्या मतांवरून नाही.

इंग्लिश दारांच्या टपालफटी हा स्वतंत्र विषय आहे. नवीन घरांच्या फटीत आतून ताठ ब्रश असतो, त्यात पातळ पत्रक दुमडून बसतं. जुन्या घरांची फट कधी पार जमिनीलगत असते, दर वेळी वाकायचं. आणि कुत्रा भुंकेलच असं नाही. जो भुंकत नाही तो दाराआड बोटांची वाट बघत बसलेला असतो. म्हणून लाकडी उलथनं जवळ ठेवा. पत्रकाची उभी घडी घालून, उलथन्याच्या टोकाने आत ढकला. बोटं फटीच्या आत कधीच न्यायची नाहीत. फाटक जसं होतं तसं लावा. हिरवळीवरून आडवं जाऊ नका, पलीकडच्या घरी जायचा रस्ता लांब असला तरी. वाटण्याआधी पत्रकाच्या तळाशी छापणाऱ्याचं आणि काढणाऱ्याचं नाव-पत्ता आहे ना ते बघा. कायद्याने तो लागतो, आणि नसेल तर गठ्ठा परत न्यायचा. निवडणुकीच्या काळात साधा दोराही विकत घेतलात तर पावती एजंटकडे द्या, कारण उमेदवाराच्या खर्चाला कायद्याने मर्यादा आहे.

कॅनव्हासिंगला पहिले काही आठवडे अनुभवी माणसाबरोबर जा. फाइल घेऊन एक जण रस्त्यावर उभा राहतो, बाकीचे दारं वाजवतात आणि परत येऊन त्याला सांगतात. काम मत बदलण्याचं नसतंच. कोण आपला, कोण त्यांचा, कोण कुंपणावर, एवढी नोंद करायची. दोन मिनिटं पुरतात. वाद घालायला बोलावणारा मतदार लेबरचा असतो, तुम्हाला दारात अडकवून ठेवणं हेच त्याचं पक्षकार्य. 'अजून ठरवलं नाही' याचा अर्थ बहुतेकदा 'तुम्हाला देणार नाही, पण तोंडावर कसं सांगू' असा धरा. आणि दार उघडताच मराठी किंवा हिंदी नावाची पाटी दिसली म्हणून गळ्यात पडू नका. आपल्या माणसांना दारातल्या राजकारणाचा फार संकोच वाटतो. नाव सांगा, पत्रक द्या, चहाला नको म्हणा, पुढे चला.

मतदानाच्या दिवशी केंद्रं सकाळी सातला उघडतात, रात्री दहाला बंद होतात. निळं रोझेट (पक्षाचा फितीचा बिल्ला) लावून केंद्राबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्यांना त्यांचा मतदार क्रमांक विचारायचा, याला टेलिंग म्हणतात. मत कुणाला दिलं हे विचारायचं नाही. कुणी नंबर द्यायला नाही म्हटलं तर हसून 'थँक यू'. दर तासाला ते नंबर कुणाच्या तरी डायनिंग टेबलावर थाटलेल्या कमिटी रूममध्ये जातात, यादीतून नावं खोडली जातात, आणि संध्याकाळी उरलेल्या आपल्या मतदारांची दारं वाजवली जातात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर नेहमी लेबरच्या एक बाई असतात. मी शौचालयात गेले की त्या माझे नंबर लिहून ठेवतात, त्या गेल्या की मी त्यांचे. मे २०२५ मध्ये रनकॉर्नची पोटनिवडणूक रिफॉर्म यूके या आमच्याहून उजव्या पक्षाने लेबरकडून सहा मतांनी खेचली. हा आकडा मी त्या बाईंना सांगत नाही, पण आमच्या आळशी कार्यकर्त्यांना दर वेळी सांगते.

नेता निवडण्याचं मत

३९ पाऊंडांत मिळणारा एकमेव मोठा अधिकार हा. खासदार फेऱ्या घेऊन दोन नावं उरवतात, शेवटची निवड सदस्य करतात. मत द्यायला तीन महिन्यांचं सदस्यत्व पुरं व्हावं लागतं. तेव्हा नेता पडल्याची बातमी ऐकून धावत सदस्य होण्यात अर्थ नाही.

या मताचं वजन वाढत चाललंय, आणि कारण फारसं आनंदाचं नाही. २००१ मध्ये इयन डंकन स्मिथ आणि केन क्लार्क यांच्यात अडीच लाखांहून जास्त सदस्यांनी मत दिलं. २०२४ मध्ये बेडनॉक यांना ५३,८०६ आणि रॉबर्ट जेनरिक यांना ४१,३८८, दोघं मिळून लाखभरसुद्धा नाहीत. २०२२ मध्ये तर आम्ही थेट पंतप्रधान निवडला. लिझ ट्रस ८१,३२६, ऋषी सुनक ६०,३९९. मी सुनक यांना मत दिलं होतं. सगळ्यांनी गृहीत धरलं की आपला माणूस म्हणून. मला त्यांचा हिशेब जुळताना दिसत होता, ट्रस बाईंचा दिसत नव्हता, एवढंच. दीड महिन्यात त्यांनी राजीनामा जाहीर केला आणि मधल्या काळात ज्यांच्या गहाणखताचे व्याजदर बदलायचे होते असे आमचे कितीतरी ग्राहक फोन करून रडकुंडीला आले.

पण या मताचीही हमी नाही. २००३ मध्ये मायकल हॉवर्ड, २०१६ मध्ये थेरेसा मे आणि ट्रस यांच्यानंतर स्वतः सुनक, हे तिघं सदस्यांच्या मतपत्रिकेशिवाय नेते झाले, कारण समोर शेवटपर्यंत कुणी उरलंच नाही. २०२४ मध्ये जेम्स क्लेव्हर्ली खासदारांच्या एका फेरीत पहिले आले आणि दुसऱ्याच दिवशी बाहेर फेकले गेले. आमच्या ब्रांचमध्ये निम्म्या लोकांना तेच हवे होते. त्यांचं नाव आमच्यापर्यंत पोचलंच नाही.

स्वतः उभं राहायचं असेल तर

काउन्सिलपासून सुरुवात करा. अनामत लागत नाही, पडणाऱ्या वॉर्डात तिकीट मागून मिळतं आणि शिकायला मिळतं. परदेशी पासपोर्ट असेल तर आधी कायम वास्तव्य हवं. संसदेसाठी पक्षाच्या मूल्यमापनातून पार होऊन मान्यताप्राप्त यादीत नाव यावं लागतं, ५०० पाऊंड अनामत, पाच टक्क्यांखाली मतं पडली तर जप्त. आणि निवड पूर्णपणे स्थानिक लोकांच्या हातात असते असं समजू नका. २०२४ मध्ये बॅसिलडन आणि बिलेरिकेच्या असोसिएशनपुढे ऐन वेळी एकच नाव ठेवलं गेलं, पक्षाध्यक्ष रिचर्ड होल्डन यांचं. स्थानिक लोक चिडले. होल्डन २० मतांनी निवडून आले.

रिफॉर्मकडे निघालेल्या मित्रांचं काय करायचं

जुलै २०२४ मध्ये पक्षाच्या १२१ जागा उरल्या, इतक्या कमी कधीच नव्हत्या. मे २०२५ मध्ये १९९७ पासून हातात असलेली केंट काउन्सिल रिफॉर्मकडे गेली. आमच्या ब्रांचमधूनही माणसं गेली. जाणाऱ्याशी भांडू नका. रस्त्यात भेटले तर पूर्वीसारखं बोला, ख्रिसमसचं कार्ड पाठवा. काही जण परततात, आणि अपमान झालेला माणूस कधीच परतत नाही. मी का गेले नाही असं विचारलंत तर माझ्या कागदावरची पहिली ओळ बघा. चाललेली संस्था मोडण्याआधी विचार करायचा हा नियम पक्षालाही लागू होतो. उद्या पक्षानेच माझ्या तिन्ही ओळी खोडल्या तर मीही निघेन.

निघायची वेळ तुमच्यावर आली तर नीट निघा. फक्त डायरेक्ट डेबिट बंद करून गायब होऊ नका, ब्रांचच्या अध्यक्षांना दोन ओळी लिहा. कमिटीवर असाल तर वार्षिक सभेपर्यंत थांबा, निदान हिशेब सोपवा. मतदारांच्या नोंदींच्या याद्या, छापलेल्या असोत की फोनमधल्या, त्याच दिवशी परत करा किंवा पुसून टाका. त्या पक्षाच्या कामासाठी गोळा केलेल्या असतात आणि दुसऱ्या पक्षाकडे नेल्या तर डेटा संरक्षण कायद्याखाली तुम्ही अडकाल. उरलेली पत्रकं कचऱ्यात, रोझेट पुढच्या माणसाला. उलथनं ठेवा, ते कुठल्याही पक्षात चालतं.